नावात ‘स्विस’ असलेले शब्द आणि नाव न लावता आलेले शब्द

‘स्विस’ म्हटलं की आपल्याला आधी आठवते स्विस बँक आणि तिच्यातला काळा पैसा. खरं तर ही एकच कुठली बँक नाही. स्वित्झर्लंडमधल्या सगळ्याच बँकांना आपण तसं म्हणतो. १९३४ च्या कायद्याने तिथे खातेदाराची माहिती फोडणं गुन्हा ठरलं आणि पुढे ‘स्विस बँक अकाउंट’ म्हणजे लपवलेला पैसा, असा अर्थ इंग्रजीतही रुळला.

‘स्विस’ हे लेबल बहुतेक वेळा बाहेरच्यांनी लावलेलं असतं.

स्विस आर्मी नाइफ : कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये आणलेल्या या चाकूचं जर्मन नाव होतं ‘ऑफिझियर्समेसर’, म्हणजे अधिकाऱ्यांचा चाकू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनी सोपं नाव पाडलं.

स्विस चीज : स्वित्झर्लंडच्या एमेंटल चीजसारखं भोकं असलेलं कुठलंही चीज अमेरिकेत या नावाने विकलं जातं, मग ते तिथेच का बनलेलं असेना.

स्विस चार्ड : बिटाच्या कुळातली ही पालेभाजी मूळची भूमध्य समुद्राकाठची.

याउलट खुद्द स्विस लोकांकडून आलेल्या काही शब्दांवर ‘स्विस’चा शिक्काच नाही.

म्यूसली : झुरिकचे डॉक्टर बिर्चर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांसाठी सफरचंद आणि ओट्सचा हा पदार्थ तयार केला. स्विस जर्मन बोलीत नावाचा अर्थ साधारण ‘थोडीशी लापशी’.

पुच : सत्ता उलथवण्याचा अचानक केलेला प्रयत्न. मूळ अर्थ ‘धक्का’. १८३९ मधल्या झुरिकच्या उठावामुळे या शब्दाला राजकीय अर्थ मिळाला.

नॉस्टॅल्जिया : १६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने प्रबंधात हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. तेव्हा हे चक्क आजाराचं नाव होतं. पोटासाठी परदेशी राजांच्या सैन्यात भरती झालेले स्विस तरुण घराच्या ओढीने झुरत, खंगत. डॉक्टर त्याला ‘स्विस आजार’ही म्हणत आणि औषध एकच मानत : घरी पाठवा.

आज शाळेचा जुना फोटो टाकताना आपण सहज ‘नॉस्टॅल्जिक’ लिहितो. त्या शब्दामागे गावापासून तुटलेल्या माणसांचं दुखणं आहे, एवढं लक्षात असू द्या.