बासरीला गळा देणारे गुरू

उज्जैनमध्ये नानाखेड्याहून शहर ओलांडून मंगळनाथाच्या वाटेला लागले, की सांदीपनींचा आश्रम येतो. श्रीकृष्णाने तेथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला हस्तगत केल्या, अशी कथा आहे. मुरलीधराचे ठीक आहे. मर्त्य मानवाला एकटी बासरीच आयुष्यभर पुरते. ती शिकवावयाची कोणी, हा प्रश्न तर त्याहून बिकट. गेल्या शतकातील दोन थोर बासरीवादकांनी अखेर ज्यांचे पाय धरले, त्या गुरूंची ख्याती बासरीसाठी नव्हतीच.

पहिले पन्नालाल घोष. १९४० साली ते मुंबईस आले आणि चित्रसृष्टीत संगीतकार म्हणून स्थिरावले. तोवर बासरी म्हणजे लोकगीतांचे आणि साथीचे वाद्य. ख्यालाचा भार तिला पेलेल, असे फारसे कोणास वाटत नव्हते. पन्नालालांनी सुमारे बत्तीस इंच लांबीची, खर्जाची बासरी घडविली. तरीही एक अडचण उरली. सहा छिद्रांच्या बासरीत तीव्र मध्यमाला सर्व छिद्रे उघडी असतात आणि लगतच्या पंचमाला सर्व बंद. मग या दोन स्वरांमधून मींड घ्यावयाची कशी? गवई जेथे सहज घसरत जातो, तेथे बासरीला उडी मारावी लागे. पन्नालालांनी करंगळीसाठी खाली सातवे छिद्र पाडले आणि मंद्रातला तीव्र मध्यम पंचमाला जोडून दिला.

इतके करूनही, नाव झालेले असताना, १९४७ साली ते मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य झाले. खाँसाहेब सरोदिये. तरुणपणी कोलकत्यात त्यांनी नाना वाद्ये हाताळली होती. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरापाशी ते व्हायोलिनही शिकले होते. वाद्य कोणतेही असो, राग एकच, ही त्यांची धारणा.

हीच धारणा त्यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांनी मुंबईत पुढे नेली. त्यांचे वाद्य सूरबहार. मैफली त्यांनी ऐन उमेदीत सोडल्या आणि वॉर्डन रोडवरील आपल्या घरी मोजक्या शिष्यांना शिकविले. हरिप्रसाद चौरसिया आकाशवाणीच्या नोकरीत कटकहून मुंबईस आलेले, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मागणी असलेले वादक. ते शिकण्यासाठी आले, तेव्हा बाईंनी प्रथम नकारच दिला. पुष्कळ आर्जवांनंतर होकार मिळाला, तोही आजवरचे सारे विसरून आरंभापासून शिकण्याच्या अटीवर. चौरसियांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, ही अट मनापासून मानल्याची खूण म्हणून त्यांनी बासरीची बाजूच बदलली. उजवीकडे धरली जाणारी बासरी डावीकडे गेली. बोटांत मुरलेली वर्षानुवर्षांची सवय मोडणे म्हणजे चालत्या संसाराची चूल विझविण्यासारखे. ज्याचे पोटच त्या बोटांवर चालते, त्याने हे करावे, यातील धोका वादकालाच कळेल.

बाई शिकवीत त्या गाऊन. फुंकर कशी घालावी, बोट कोठे ठेवावे, हे त्या सांगत नसत. स्वरवाक्य गळ्यातून येई आणि बांबूत त्याची वाट शिष्याने शोधावयाची. आता कोणी म्हणेल, सूरबहार ओढणाऱ्याला श्वासाचे काय कळणार? तंतुवाद्याला दम लागत नाही, हे खरे. परंतु गळा आणि बासरी दोन्ही श्वासाचे ऋणी. आलापाचे वाक्य कोठे संपते, हे गाणाऱ्याला ठाऊक असते आणि तेथेच तो श्वास घेतो. बासरीवाल्याने मध्येच दम घेतला, तर वाक्य तुटते. ही शिस्त बोटांच्या कोष्टकातून शिकविता येत नाही. स्वयंपाकघरात असतानाही चुकलेली श्रुती त्यांच्या कानांतून सुटत नसे, असे शिष्य सांगतात.

पुढे नित्यानंद हळदीपूर त्यांच्यापाशी आले, १९८६ साली. त्यांचे वडील निरंजन हळदीपूर हे पन्नालालांचे शिष्य. म्हणजे पन्नालालांची बासरी मैहरच्या दारी पुन्हा एकदा आली. बाई २०१८ च्या ऑक्टोबरात गेल्या. सूरबहार मागे फार थोड्या ध्वनिमुद्रणांत उरली. चौरसियांची बासरी मात्र डाव्या बाजूलाच राहिली.