एका महिन्याचा प्रवक्ता

९ ऑगस्ट १९७४ रोजी रिचर्ड निक्सन राजीनामा देऊन व्हाइट हाऊसमधून बाहेर पडले. आपल्यापैकी जे त्या सुमारास नुकतेच या देशात आले होते, त्यांना तो दिवस चांगला आठवत असेल. पंधरवड्यापूर्वीच, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी निकाल दिला होता की, ध्वनिफिती हवाली करण्यातून राष्ट्राध्यक्षांनाही सूट नाही. नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीही शपथविधीनंतर सांगितले की, इथले राज्य माणसांचे नाही, कायद्याचे आहे. मी लगेच पुण्याला वडिलांना एरोग्राम लिहिला. "इथे राजालाही कायदा सोडत नाही," असे काहीसे त्यात मोठ्या तोऱ्याने लिहिले होते.

तो तोरा बरोबर तीस दिवस टिकला.

रविवार, ८ सप्टेंबरला सकाळी चर्चमधून परतल्यावर फोर्ड यांनी दूरचित्रवाणीवरून घोषणा केली. २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४ या काळात निक्सन यांनी केलेल्या, किंवा त्यांच्या हातून घडल्या असतील अशा, केंद्रीय कायद्याखालच्या सर्व गुन्ह्यांना संपूर्ण माफी! आरोपपत्र नाही, खटला नाही. निक्सन यांनी पत्रक काढून चुका मान्य केल्या; गुन्हा मात्र कबूल केला नाही.

त्याच सकाळी व्हाइट हाऊसमधल्या एका माणसाने राजीनामा दिला. ते होते फोर्ड यांचे प्रवक्ते जेरी टेरहॉर्स्ट. 'डेट्रॉइट न्यूज'चे हे जुने पत्रकार मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सपासून फोर्ड यांना सुमारे पाव शतक ओळखत होते. माफीचा विचार चालू नाही, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले होते, कारण त्यांनाही आतून तसेच सांगण्यात आले होते. खरी गोष्ट त्यांना कळली ती आदल्या दिवशी. राजीनाम्याच्या पत्राचा मथितार्थ असा : व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करभरती टाळणाऱ्या तरुणांना माफी नाही, निक्सन यांच्या हाताखालच्यांनाही नाही, मग एकट्या निक्सन यांना माफी का, याचे समर्थन मला करता येणार नाही.

फोर्ड यांची बाजूही सांगायला हवी. खटला लांबला असता आणि देश त्यातच अडकून राहिला असता, असे त्यांचे म्हणणे होते. १७ ऑक्टोबरला ते स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर हजर झाले आणि कोणताही सौदा झाला नव्हता असे त्यांनी सांगितले. सौदा झाल्याचे कधी सिद्धही झाले नाही. १९७६ ची निवडणूक ते हरले. पुढे २००१ साली याच निर्णयासाठी केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानाने त्यांना धैर्याचा पुरस्कार दिला.

पण मला सलते ते हेच. लाच घेऊन कुणी सोडले असते तर राग आला असता आणि प्रकरण तिथे संपले असते. इथे एका सज्जन माणसाने आपल्या जुन्या सहकाऱ्यावर दया केली. अशी दया आतल्या वर्तुळातल्या माणसाच्याच वाट्याला येते. हॉल्डमन, अर्लिकमन आणि मिचेल १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरले आणि तुरुंगात गेले; त्यांचे धनी माजी राष्ट्राध्यक्षाचे निवृत्तिवेतन घेत राहिले. १७ जून १९७२ च्या पहाटे दाराच्या कुलपावरची चिकटपट्टी पाहून पोलिसांना बोलावणारा वॉटरगेटचा रखवालदार फ्रँक विल्स पुढे बेकारीत दिवस काढत होता. १९८३ साली बुटांचा एक जोड चोरल्याबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच्यावर दया करायला राष्ट्राध्यक्षांच्या ओळखीचे कुणी नव्हते.

वडिलांचे उत्तर सप्टेंबरअखेर आले. खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ : "तुझ्या तिकडच्या कायद्याचे काय झाले?" मी ती ओळ वाचलीच नाही असे दाखवून पुढचे पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी, १२ जून १९७५ रोजी, अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. मग आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वादच न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्यात आला. त्यानंतर आमच्या पत्रांत दोन्ही देशांच्या कायद्याचा विषय निघाला नाही.

वडील आता नाहीत. त्यांना टेरहॉर्स्ट यांच्याविषयी लिहायचे राहून गेले, याची मात्र चुटपुट लागते. निवृत्त झाल्यावरही कोर्टाच्या बातम्या आधी वाचणारा तो माणूस होता. जुन्या मित्राने दिलेली, सगळ्या देशाचे लक्ष असलेली नोकरी एका महिन्यात कुणी सोडली, आणि तीही अशा कारणासाठी, हे त्यांनी दोनदा वाचले असते.