वऱ्हाडाची शिल्लक

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण वाशिमच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण त्या सोन्याचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, हे १८६० साली एका तहाने ठरवून टाकलं होतं, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं.

हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १८६० च्या तहात ठरलं की फौजेचा आणि कारभाराचा खर्च वजा जाता जे उरेल ते निजामाला मिळेल. कारभारावर किती खर्चायचं, हे सर्वस्वी इंग्रज सरकारच ठरवणार. आणि निजामाने मागचा-पुढचा कसलाच हिशेब मागायचा नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. निजामाला मात्र खर्चाच्या वहीत डोकावण्याचा अधिकार उरला नव्हता. अखेर १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यावर घेतलं. शिल्लकीची अनिश्चितता संपली, पण उत्पन्न कितीही वाढलं तरी निजामाचा आकडा २५ लाखांवरच गोठला.

आज ही गोष्ट आठवते ती तेल आणि वायूच्या करारांमुळे. १९९९ पासूनच्या धोरणात कंपनीने आधी आपला खर्च वसूल करायचा आणि उरलेल्या नफ्यात सरकारला वाटा द्यायचा, अशी रीत होती. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूबाबत महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं: अशा रचनेत भांडवली खर्च आटोक्यात ठेवण्याची गरजच कंपनीला वाटत नाही. २०१६ च्या धोरणाने खर्चाचा वाद बाजूला सारून थेट महसुलातच सरकारचा वाटा ठरवला.

म्हणजे 'उरलं तर देऊ' या कलमातली मेख ओळखायला आपल्याला दीडशे वर्षं लागली. वऱ्हाडाचं दप्तर कोणी काळजीपूर्वक चाळलं असतं, तर ती आधीच दिसली असती.

आणखी एक गोष्ट त्या दप्तरात दिसत नाही. सारा भरणारा वाशिम-मंगरूळचा कुणबी १८५३, १८६० किंवा १९०२ च्या कोणत्याच कागदावर पक्षकार नाही. १९०५ मध्ये तर वाशिम जिल्हाच मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्याला जोडला गेला. जिल्हा परत व्हायला १९९८ साल उजाडलं. खर्चाची वही उघडी असावी, ही मागणी निजामाने करायची की त्या कुणब्याने, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नाही.