कलकत्त्याचा आरोग्याधिकारी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटकीची पाचवी जागतिक साथ पसरली, तेव्हा या रोगाचे माहेर बंगाल समजले जाई. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यातच पटकीचे जंतू दाखवून दिले; पण जंतू सापडला म्हणून रोग हटत नाही. ते काम १८८६ साली नगरपालिकेचे आरोग्याधिकारी म्हणून आलेल्या डॉ. विल्यम सिंप्सन यांच्या वाट्याला आले.

शहरातील बस्त्या तळ्यांभोवती वसलेल्या. स्नान, धुणे आणि पिणे एकाच पाण्यावर चाले. सिंप्सन यांनी डॉ. हाफकिन यांना पटकीची लस टोचण्यासाठी पाचारण केले. १८९४ च्या मार्चअखेर काठालबागान, म्हणजे फणसांची बाग, या नावाच्या बस्तीत रोग शिरला. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे दहा जण आजारी पडले, सात दगावले; ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. या लसीचे संरक्षण अपुरे व अल्पकालीन असते हे नंतर दिसून आले. तरी एकाच बस्तीतील टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करण्याची ही पद्धत मोलाची ठरली.

सिंप्सन यांच्या कारकिर्दीला दुसरी बाजूही आहे. शहराच्या अस्वच्छतेचा दोष ते लोकनियुक्त सभासदांवर ठेवीत. बस्त्यांच्या मालकांचे हितसंबंध सुधारणेच्या आड येत, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती. परंतु अशाच टीकेच्या आधारे सरकारने १८९९ च्या कायद्याने निर्वाचित सभासद ५० वरून २५ वर आणले. सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सभासदांनी राजीनामे दिले. आरोग्याचा प्रश्न स्वराज्याचा प्रश्न होऊन बसला.

सक्तीचे फळ काय, हे तोपर्यंत पुण्याने दाखविले होते. तेथील प्लेगच्या बंदोबस्ताने लोक संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. १८९८ साली कलकत्त्यात प्लेग आला, तेव्हा दंगे आणि पळापळ पाहून बंगाल सरकारने सक्ती सैल केली.

सिंप्सन पुढे लंडनला गेले. १८९९ साली तेथे उष्ण प्रदेशांतील रोगांचे विद्यालय निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. त्यांची विद्वत्ता निर्विवाद. परंतु परप्रांती अधिकार गाजविणाऱ्याने त्यांच्या चरित्रातून ध्यानी घ्यावे ते निराळेच. काठालबागानातील ११६ माणसांनी हात पुढे केले ते स्वेच्छेने. तो विश्वास १८९९ च्या कायद्याला निर्माण करता आला नाही.