डिकिन्सन, थॉरल्ड
(१६ नोव्हेंबर १९०३ – १४ एप्रिल १९८४). ब्रिटिश चित्रपट-दिग्दर्शक, माहितीपटकार व चित्रपटविद्येचे प्राध्यापक. जन्म ब्रिस्टल येथे. चित्रपट-संकलक म्हणून त्यांचा हात तयार झाला. १९३८ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, ते स्पेनला गेले व प्रजासत्ताक सरकारच्या साक्षरता मोहिमेवर स्पॅनिश एबीसी हा लघुपट केला. तोफांच्या धामधुमीत अक्षरओळखीवर कॅमेरा रोखणे, ही निवडच त्यांची दृष्टी सांगते.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या चित्रपट विभागात दाखल झाले आणि तेथील निर्मितीची घडी त्यांनी बसविली. द नेक्स्ट ऑफ किन (१९४२) हा मुळात सैनिकांसाठीचा प्रशिक्षणपट. यात सैनिकांची किरकोळ बडबड हेरांच्या कानी जाते, शत्रू आधीच सावध होतो आणि फ्रेंच किनाऱ्यावरील छाप्यात माणसे हकनाक मरतात. उपदेशाचा सूर न लावता केलेला हा चित्रपट पुढे सामान्य प्रेक्षकांनाही दाखविण्यात आला. गॅसलाइट (१९४०) व द क्वीन ऑफ स्पेड्स (१९४९) हे त्यांचे गाजलेले कथापट.

१९५६ ते १९६० या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या चित्रपट विभागाचे प्रमुख होते. त्यानंतर लंडनच्या स्लेड कलाविद्यालयात ते अध्यापनाकडे वळले. १९६७ मध्ये त्यांना मिळालेले चित्रपटविषयक प्राध्यापकपद ब्रिटनमधील पहिलेच. अ डिस्कव्हरी ऑफ सिनेमा (१९७१) हा त्यांचा ग्रंथ. मोजकेच कथापट केल्याने त्यांची उपेक्षा झाली. ती अन्यायकारकच म्हणावी लागेल.