आपली पंगत : नवगाव ते अल्फारेटा

समाजाचा इतिहास लोक शिलालेखांत आणि दप्तरांत शोधतात. आपल्या बेने इस्राएल समाजाच्या वाट्याला असे पुरावे थोडे आले. आपला पुष्कळसा इतिहास स्वयंपाकघरात आणि पंगतीत जपला गेला. आपल्या सणांची जुनी नावेच पाहा. तिशा बेआवला आपण बिरड्याचा सण म्हणत आलो, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मोड आलेल्या वालांचे बिरडे ताटात. नव्या तांदळाच्या खिरीवरून खिरीचा सण. पेसाह म्हणजे अनशी धाकाचा सण, कारण आंबट रसाचे भांडे तेवढे दिवस झाकून ठेवायचे. हिब्रू नावे विसरली गेली तेव्हाही सण हुकले नाहीत. घरच्या बायकांनी ते चुलीवर लक्षात ठेवले होते.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ग्रंथ नसताना पूर्वजांनी जे धरून ठेवले त्यात शेमाची प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम होते. शनिवारी घाणा बंद म्हणून शेजारच्यांनी आपल्याला शनवार तेली म्हटले. खवल्यांची आणि परांची मासळी तेवढी घरात यायची. मांसाच्या कालवणात दूधदही नको, म्हणून नारळाचे दूध. कोकणात नारळ मुबलक, त्यामुळे धर्म आणि चव यांत भांडण झाले नाही.

काय खावे याचे नियम असे पक्के होते. कसे बसावे, कोणी वाढावे, आधी कोणाला द्यावे, या रीती मात्र आपण अवतीभवतीच्या मराठी घरांकडून घेतल्या. आमच्या पिढीला त्या चांगल्या आठवतात. शब्बाथच्या रात्री काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेले शरबत किद्दूशसाठी असायचे. वडील माणसाने घोट घेतला की पेला वयाच्या क्रमाने फिरे. हात धुऊन ब्राखा म्हटल्यावर भाकरीचा तुकडा मिठाला लावून सर्वांना मिळे. मग हातबोशी. उष्ट्या हाताने वाढून घ्यायचे नाही, वडील उठेपर्यंत उठायचे नाही, पानात टाकायचे नाही, हे नियम कोणी लिहून दिले नव्हते. डोळ्यांच्या इशाऱ्यावर ते चालत. आणि आग्रह! नको म्हटल्यावरही एक चमचा कालवण भातावर पडायचेच. वाढणारीच्या वाट्याला मात्र पातेल्याच्या तळाशी उरलेले येई. ही आठवणही तितकीच खरी आहे, ती आपण सोयीने विसरू नये.

पेसाहच्या सेदेरला तर जेवणाची रीत हाच धर्मविधी होतो. सेदेर या शब्दाचा अर्थच क्रम. त्या रात्री डाव्या अंगाला टेकून बसायचे, कारण ग्रीक आणि रोमन लोकांच्या मेजवान्यांत स्वतंत्र माणूस उशाला टेकून जेवत असे आणि गुलाम उभा राहून वाढत असे. इस्राएलातल्या गरिबातल्या गरिबानेही त्या रात्री टेकून बसल्याशिवाय जेवू नये, असे मिश्नात सांगितले आहे. राज्यकर्त्यांची बैठक आपल्या पूर्वजांनी सर्वांची केली. हाग्गादाच्या आरंभी भुकेल्याला घरात बोलावण्याचे वचन आहे. मुंबईत १८४६ साली हाग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली आणि हे बोलावणे आपल्या भाषेत वाचता येऊ लागले. पुण्यात १८७४ साली निघालेल्या हाग्गादात चित्रेही आहेत. लुगडी नेसलेल्या आपल्या बायका त्यांत जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. आपल्या घरांतली बैठक कशी होती, याचा तो छापील पुरावा आहे.

आता या इतिहासाचे दुसरे पानही उलटले पाहिजे. ज्या घरांत हे बोलावणे मराठीत वाचले जात होते, त्याच घरांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. आई समाजाबाहेरची असलेल्या कुटुंबांच्या संततीला काळे म्हटले जाई. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्याबरोबर पंगत नाही, स्वयंपाकाच्या भांड्यांना त्यांचा हात लागू द्यायचा नाही. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात या भेदाची नोंद आहे. तोरेत याला आधार नाही. हा नियम आपण गावच्या जातिव्यवस्थेकडून उचलला आणि त्याला पावित्र्याचे नाव दिले.

ज्याने दुसऱ्याला पंगतीबाहेर बसवले, त्याच्यावरही तीच वेळ येते. मुंबईला आलेल्या बगदादी यहुद्यांनी १८३६ साली सरकारकडे अर्ज करून कबरस्तानात आपली आणि बेने इस्राएलांची जागा भिंतीने वेगळी करावी, अशी मागणी केली. पुढे आपल्या लोकांच्या हातच्या शेहीतेचे मांसही त्यांच्यातल्या अनेकांना चालेना. इस्राएल राज्यात गेल्यावर मुख्य रब्बींच्या सूचना निघाल्या की बेने इस्राएलांशी विवाह लावताना मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असे जाहीर केले. रक्त शुद्ध आहे का, हा जो प्रश्न आपण आपल्याच माणसांना चुलीपाशी विचारत होतो, तोच आपल्याला कचेरीत विचारला गेला. तेव्हा तो किती झोंबला!

आता अमेरिकेकडे वळू. आम्ही राहतो ते अल्फारेटा हे जॉर्जिया राज्यातले गाव अटलांटाच्या उत्तरेला आहे. १८५८ साली वसवलेले हे गाव मिल्टन परगण्याचे ठाणे होते. १९३२ साली तो परगणा फुल्टनमध्ये विलीन झाला. भोवती कापसाची शेती होती. आता हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत आणि त्यांच्यामागोमाग भारतीय कुटुंबे आली. २०२०च्या खानेसुमारीत गावची वस्ती सुमारे ६६ हजार होती. त्यात बेने इस्राएल घरे बोटांवर मोजण्याइतकी. येथे गोरे कोण आणि काळे कोण, हे विचारायला माणसेच नाहीत. दहा पुरुषांचा मिन्यान जमवायचा तर इतर यहुद्यांकडे जावे लागते, आणि मराठीत गप्पा मारायच्या तर शेजारच्या हिंदू मराठी घरांकडे.

साहजिकच आपल्या मेजावर तऱ्हेतऱ्हेचे पाहुणे येतात. युरोपीय वंशाच्या यहुद्यांना पेसाहात भात चालत नसे, आपल्याला तर भाताशिवाय सण सुचत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या रब्बींनी पेसाहात तांदूळ आणि कडधान्ये खाण्यास मोकळीक दिली. त्याच पंथाचे गेशर ल्तोरा हे सिनेगॉग अल्फारेटात आहे. तरीही वाडवडिलांची रीत म्हणून भात न खाणारे पाहुणे असतात, त्यांना आग्रह करायचा नसतो. मराठी शेजाऱ्यांपैकी कोणी शाकाहारी, कोणी सोमवारचा उपास करणारा. कोशेर मांस आणायला वीसएक मैलांवर अटलांटातील टोको हिल्स भागात जावे लागते, म्हणून ते एरवीही बेतानेच येते. येथे आग्रहाची जुनी रीत बदलावी लागली. पाहुण्याच्या पानात न विचारता वाढणे हा आमच्या लहानपणी प्रेमाचा भाग होता. येथे आधी विचारणे हाच पाहुण्याचा मान आहे.

या सगळ्या अडचणींतून एक पदार्थ मात्र सहज पार पडतो, आणि तो आपला मलीदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडे, सुकामेवा, भोवती पाच तऱ्हेची फळे, सब्जा आणि गुलाब. त्यात मांस नाही, दूध नाही. कोशेर पाळणाऱ्याला तो मांसाच्या किंवा दुधाच्या कोणत्याही कोशेर भांड्यातून चालतो, शाकाहाऱ्याला चालतो. एलियाहू हान्नाबीचे नाव घेऊन, ब्राखा क्रमाने म्हणून, झाडाचे फळ, जमिनीचे फळ आणि सब्जाचा सुगंध असे एकेक हातात दिले जाते. तबक एकच असते आणि सर्वांना त्यातलेच मिळते. खंडाळ्याला एलियाहू हान्नाबीच्या टाप्यापाशी करावा तसाच तो येथे गोठवलेल्या नारळाच्या पाकिटांवर आणि भारतीय दुकानातल्या पोह्यांवर होतो. ताटांऐवजी कागदी बशा आल्या म्हणून कोणी हळहळू नये. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवण्याची चिंता त्यांनी मिटवली आहे.

आमचे सांगणे थोडे आहे. मुलांना काटेचमचे कसे धरावेत हे शाळेत आणि मित्रांच्या घरी कळेल. त्यांना आपण हात धुण्याची ब्राखा शिकवावी, वडिलांच्या आधी सुरुवात न करणे शिकवावे, मलीदा करायला शिकवावे. त्याचबरोबर आपल्या पंगतीत एकेकाळी कोणाला बसू दिले नव्हते, हेही त्यांना सांगावे. चांगल्या रीती तेवढ्या सांगून वाईट झाकून ठेवल्या, तर त्या दुसऱ्या नावाने परत येतात. येथली आपली मुले निरनिराळ्या समाजांत लग्ने करीत आहेत. उद्या जी सून किंवा जो जावई घरात येईल, त्याच्या आईचे कूळ विचारून मग ताट मांडायचे की ताट मांडून मग ओळख करून घ्यायची, हे प्रत्येक घराला ठरवायचे आहे. वाढणारीलाही त्याच वेळी, सर्वांबरोबर, बसायला जागा ठेवावी. पूर्वजांनी ग्रंथ गमावूनही जेवणाचे नियम सांभाळले, म्हणून आपण आज बेने इस्राएल आहोत. त्या पंगतीत सर्वांना जागा देण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे.