माळवदाचं पाणी

जुन्या घरातलं पाणी म्हटलं की शहरातल्या माणसाला बिडाचे पाइप आणि गंजलेले नळ आठवतात. आपल्या सास्तूरकडच्या जुन्या घरात नळ कुठं होता? पाणी आडावरून डोक्यावर यायचं आणि रांजणात बसायचं. तरीही त्या घरांना पाण्याची व्यवस्था होतीच. फरक एवढाच, की ती पाणी आत आणण्यापेक्षा बाहेर घालवण्याची होती.

ती आधी समजून घेऊ. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या. मग पाला, चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. हे झालं माळवद. गावाची वस्ती पांढरीत आणि शेती काळीत, असं आपण म्हणतो. छपरालाही पांढरीच लागायची, कारण काळी माती उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी उतरतं. पांढरी दबून बसते. माळवदाला बेताचा उतार द्यायचा, त्या टोकाला पन्हळ ठेवायची आणि न्हाणीचं पाणी मोरीवाटे बाहेर काढायचं. बस्स, घराची सगळी नळव्यवस्था एवढीच.

आता देखभाल. मृग लागायच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, हा दरसालचा रिवाज. गळतंय? टाका माती. पुढच्या वर्षी पुन्हा गळतंय? पुन्हा टाका. जुनी माती खरवडून काढण्याचे कष्ट मात्र फारसं कुणी घेत नसे. बघता बघता थर दीड-दोन फुटांवर गेला. दहा बाय बारा फुटांच्या खणावर अर्धा फूट जादा माती म्हणजे सुमारे अडीच टन वजन. आपण गळती बुजवत होतो आणि डोक्यावरचा भार वाढवत होतो.

खालच्या भिंतीही बघा. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड आणि मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही तोंडं बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. सांध्यात चुना नव्हे, मातीच. पन्हळ तुंबली की पाणी याच भिंतीत मुरायचं आणि सांधे पोकळ करायचं. बाहेरून सारवलेलं असल्यानं कळायचं काही नाही.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर-उस्मानाबादेत मिळून जवळपास 8 हजार माणसं गेली. कितीतरी ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती फुटून पडल्या. जिथं सांगाडाही गेला, तिथं छपराची माती अंगावर आली.

तर्कशास्त्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू, निमित्त आणि कारण यांत गल्लत करू नका. भूकंप निमित्त झाला. भार मात्र वर्षानुवर्षं साठत होता, आणि तोही काळजीपोटी. आम्ही कुणाला दोष देत नाही. आमच्याही वडिलांनी माती टाकली आणि आम्ही पाट्या वर दिल्या.

आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला बोरी नदीवर इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल. चारशे वर्षं झाली. बांधणाऱ्यानं तिथं पाणी अडवलं, पण जादा पाण्याला वाटही दिली; तीच आपण नर-मादी धबधबा म्हणून बघायला जातो. ज्याला पाणी कळलं, तो त्याच्याशी भांडत नाही.

सास्तूरचं पुनर्वसन झालं. पण आसपासच्या गावांत माळवदाची घरं अजून उभी आहेत आणि त्यांत माणसं राहतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. थर पातळ ठेवा आणि मधे प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा. पन्हळ मृगाआधी साफ करा आणि भिंतीपासून हातभर पुढं काढा. न्हाणीचं पाणी पायापासून लांब न्या. भिंतीचं पोट फुगलेलं दिसलं, तर वरून सारवून झाकू नका. जाणत्या गवंड्याला दाखवा आणि तोवर तिच्याखाली झोपू नका.

रिवाज पाळणं म्हणजे देखभाल नव्हे. आपण जे करतो ते का करतो, हे दरसाल एकदा माळवदावर चढून विचारावं. आजच्यापुरतं एवढंच.